रडली नाही म्हणून

भूकंपानंतर आम्ही निलंग्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मी कान दाबून किंचाळायचे. "पोरीनं धास्ती घेतलीय," असं सगळे म्हणत. खरं तर आधीही मी अशीच होते. वरातीचा बँड आला की पोत्यांमागं लपायचे. पण धास्तीचं नाव झालं, तेवढे दिवस कुणी रागावलं नाही.

दहावीला चांगले गुण पडले, तसं आईनं लातूरला क्लासला घातलं. बाकावर दाटीवाटीनं मुली, घरघरणारे पंखे, सरांचा माईक. गणितं यायची, पण तास संपेपर्यंत हातपाय गार पडायचे. एके दिवशी मी भाड्याच्या खोलीला आतून कडी लावली आणि बाहेर आलेच नाही. घरमालकिणीनं आईला बोलावून घेतलं. आईनं सगळ्या मुलींदेखत थोबाडीत मारली.

"लोकाच्या लेकी शिकून राहिल्यात, तुलाच कामून जमंना?"

उत्तर मलाही हवं होतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला तेच विचारत राहिले, तिच्याहून कडक आवाजात.

कशीबशी शिकले, नांदेडच्या शाळेत शिकवू लागले. चाळिशीत एकदा स्नेहसंमेलनाच्या गोंगाटात कोसळले. डॉक्टरबाईंनी बरेच दिवस विचारपूस केली आणि सांगितलं, "तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासूनच."

आई तेव्हा माझ्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी तुझा काहीच कसूर नव्हता?"

"न्हाई."

"आन् मी मारलं."

"तुला तरी कुठं ठाऊक होतं, आई?"

माझा हात धरायला तिनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. मला स्पर्श सोसत नाही, हे तिला आता कळलं होतं. तिला मी किती सहज माफ केलं! स्वतःला मात्र करता येईना.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. घर बायांनी भरलं. एकेक जण गळ्यात पडून रडत होती, माझ्या डोळ्यांत थेंब नव्हता.

"दगडाच्या काळजाची हाय," कुणीतरी म्हणालं.

पूर्वी मी ते खरं मानलं असतं, पदराआड रडायचं सोंग केलं असतं. त्या दिवशी उठून मागच्या खोलीत गेले, दार लोटलं, आईची चादर डोक्यावरून घेतली. "बस इथं," मी स्वतःला म्हणाले, "लागंल तेवढा वेळ बस."

रडू आलंच नाही. बाहेरून हाक आली, तशी उठले आणि आईजवळ जाऊन उभी राहिले.