उभ्या जागी पळणारी

माझ्या लेकाच्या, बाळूच्या, गॅरेजात एक लाल बुटकी गाडी आलीय. रेसवर कुणाचा पाय नाही, तरी उभ्या जागी इंजिन नुसतं पळतंय. बाळू एकेका नळीवर फवारा मारून कान देतो. आवाज बदलला की हवा तिथंच शिरतीय म्हणतो. गाडीचा मालक तोंड पाडून शेजारी उभा.

मला त्या गाडीचा लई हेवा वाटला. नवरा गेल्यावर खडी फोडून पोरं वाढवली. आता बसल्या जागी छाती धडधडती. तिला असा कान कुणी दिला?

म्हणलं, "बाळू, तिचं झालं की माझं बघ. माझंबी उभ्या उभ्या पळतंय."

"आये, तुला कुठं फवारा मारू?"

मालकबी हसला. मी नाही हसले. बाळूनं माझ्याकडं बघितलं, अन् चावी फिरवून इंजिन बंद केलं.