पास झालेले कान

“रागाचं काय ते नंतर बघू. आधी हे लक्षात घ्या, यांना नीट ऐकूच येत नाही,” असं ऑडिओलॉजिस्ट मॅडम, म्हणजे कानांची ऐकण्याची ताकद तपासणाऱ्या बाई, म्हणाल्या तेव्हा मलाच त्यांचा राग आला. आम्ही नवऱ्याच्या संतापावर इलाज शोधत फिरत होतो. त्यात कान कुठून आला?

त्यांनी कागद पुढे धरला. त्यावर दोन रेघा होत्या, एक उजव्या कानाची आणि एक डाव्या कानाची. सुरुवातीला बऱ्यापैकी सरळ आणि मग दोन्ही एकदम खाली घसरलेल्या. बायलॅटरल सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, असं त्याचं नाव. म्हणजे दोन्ही कानांच्या आत आवाज टिपणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात, त्या झिजल्या आहेत. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्याने असं होतं, आणि झिजलेलं परत भरून येत नाही. हे माझ्या शेजारी बसून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होते.

ज्यांच्या घरात असा राग शिरला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उत्तर माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही निगडीत राहतो. मी घरी ब्लाउज शिवते. हे चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला आहेत, म्हणजे जिथे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथे. लग्न झालं तेव्हा यांच्यासारखा शांत माणूस आमच्या नात्यात नव्हता. माझी जीभ तिखट, यांची मुळात चालायचीच कमी. माझी आई म्हणायची, बाई, तुला पचेल असाच मिळाला.

मग गेल्या काही वर्षांत हा माणूस बदलत गेला. आधी टीव्ही मोठा, त्यावरून चिडचिड. मग जेवताना मी आणि आमची मुलगी प्रज्ञा बोलत असलो की मध्येच, “काय चाललंय माझ्या पाठीमागे?” पाठीमागे कशाला, आम्ही समोर बसून भाजीबद्दल बोलत असायचो. प्रज्ञावर सगळ्यात जास्त. तिने काही सांगितलं की, “काय पुटपुटतेस? तोंड उघडून बोल.” ती पुन्हा बोलली की अजून भडकायचे. ती इंजिनिअरिंगला आहे, अभ्यासात हुशार, आवाज मात्र लहानपणापासून बारीक. त्याच आवाजात ती मला रात्री म्हणायची, आई, पप्पांना मी आवडत नाही.

सासूबाई म्हणाल्या, “त्याचा बाप बी असाच होता, वय झालं की भडकायचा.” सांगवीचा माझा भाऊ म्हणाला, “ताई, कंपनीचं टेन्शन असतं गं, सोड.” शेजारणीने पित्त सांगितलं. मी रोज सकाळी कोकम सरबत दिलं. कोकमाने पित्त गेलं असेल तर असेल, राग होता तसाच राहिला.

एका संध्याकाळी यांनी विचारलं, “उशीर का झाला?” प्रज्ञा पलीकडे तोंड करून चप्पल काढत होती. तिने सांगितलं, बस मिळाली नाही. मी ऐकलं. यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. आणि यांनी हातातला भरलेला तांब्या फेकला. तो तिच्या कोपराला लागून दारावर आदळला. हाड मोडलं नाही, पण कोपर काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली आणि ती सांगवीला मामाकडे गेली. मी यांना म्हटलं, “डॉक्टरकडे चला. नाहीतर मीही जाते.” हे चालले, म्हणजे किती घाबरले असतील ते बघा.

सायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मनाच्या तज्ज्ञाकडे, जायला लागलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या. बाहेरच्या बाकावर सगळे एकमेकांची नजर टाळत बसलेले असायचे, आत गेलं की बरं वाटायचं. बाईंनी राग समजावून सांगितला. डिस्प्लेसमेंट, म्हणजे जिथे राग काढता येत नाही तिथला घरी आणून काढणं. मला वाटलं, अगदी बरोबर. पुढच्या वेळी लर्न्ड बिहेविअर, म्हणजे लहानपणी बघून शिकलेलं वागणं. सासूबाई आठवल्या, तेही पटलं. मग हॉस्टाइल ॲट्रिब्युशन, म्हणजे समोरच्याच्या साध्या वागण्यामागेही वाईट हेतू आहे असं धरून चालणं. हे तर आमचंच घर होतं.

अडचण अशी की सगळंच पटत होतं. दुकानात ताणले जाणारे रेडीमेड ब्लाउज मिळतात, ते कोणालाही बसतात. माझ्यासारखी शिवणारी बाई म्हणते, कोणालाही बसतो म्हणजे कोणाच्याच मापाचा नाही. मला माझ्या नवऱ्याच्या मापाचं कारण हवं होतं आणि दर खेपेला मी आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी येत होते.

मग एक दिवस बाई कपाटातून फाइल काढताना पाठमोऱ्या बोलल्या, “झोप कशी लागते?” हे गप्प. बाई वळल्या, बघत राहिल्या. परत येऊन बसल्या, हातातली फाइल सहज तोंडासमोर धरली आणि विचारलं, “तुमच्या मुलीचं नाव काय?”

हे हसले आणि म्हणाले, “हो, हो.”

मला आधी वाटलं, हे चेष्टा करताहेत. मग यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे चेष्टा नव्हती. मला या माणसाची कीव आली आणि त्याच क्षणी चीडही आली. बाईंनी फाइल खाली ठेवून विचारलं, “ऐकण्याची तपासणी कधी केली होती?” हे म्हणाले, “कंपनीत दरवर्षी होते. पास आहे मी.”

म्हणून आम्ही ऑडिओमेट्रीला गेलो. त्यात एका बंद खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. हे आत आणि मी बाहेर. पाऊण तास मी कानाच्या थेंबांच्या जाहिराती वाचल्या.

निकाल वर सांगितलाच. मॅडमनी पुढे समजावलं, “यांना हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक, चढ्या पट्टीतले आवाज जवळजवळ ऐकू येत नाहीत. स, त, क असे वर्ण गळून जातात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बारीक आवाजाच्या माणसांचं तर फारच कमी.”

मी विचारलं, “मग माझं बरं ऐकू येतं यांना?” शिवणयंत्राच्या आवाजावरून ओरडून बोलायची मला सवय आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, मला कोपराला हळद लावून बसलेली पोरगी दिसत होती.

परत येताना बसमध्ये मी यांना विचारलं, मग दरवर्षी पास कसे झालात? हे म्हणाले, “अगं, तपासणीची व्हॅन येते. मध्ये काच असते. पलीकडचा माणूस बटण दाबताना मान खाली घालतो. त्याची मान खाली गेली की आपण बोट वर करायचं. सगळेच करतात. फेल झालं की प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकतात.”

“आणि कानात घालायचे बोळे देतात ते?”

“ते घातले तर प्रेसचा आवाज कसा कळणार? डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बिघडला की आवाज बदलतो. मशीन कानानेच चालवायचं असतं.”

म्हणजे ज्या कानांवर भरवसा ठेवून हा माणूस वीसेक वर्षं काम करत होता, तेच जात होते आणि ह्याला ते माहीत होतं. मी विचारलं, “मग आमच्यावर का ओरडत होता?” हे म्हणाले, “कंपनीत माहीत होतं कमी येतं म्हणून. घरी वाटायचं, तुम्ही दोघी मुद्दाम हळू बोलता.”

मी भांडायला तोंड उघडलं. पण ते खोटं नव्हतं. हे भडकायला लागल्यापासून आम्ही खरंच हळू बोलत होतो. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, दार लोटून, यांच्याबद्दलच. आधी यांना वाटलं की आम्ही कुजबुजतो, म्हणून हे चिडले, आणि हे चिडतात म्हणून आम्ही कुजबुजायला लागलो. कुठून सुरू झालं ते मला आजही सांगता येत नाही.

कानाचं मशीन आलं. कोणाला लागलं तर सांगते, चष्म्यासारखं लावलं आणि दिसलं असं होत नाही. मेंदूला सवय व्हायला आठवडे जातात. पहिले काही दिवस ताटावर वाटी ठेवली तरी हे दचकायचे. माझं शिवणयंत्र सुरू झालं की गॅलरीत जाऊन बसायचे. मग हळूहळू टीव्हीचा आवाज उतरला. एकदा म्हणाले, “पंखा करकरतोय.” तो चार वर्षं करकरत होता.

राग कमी झाला, गेला नाही. एका सकाळी दूध उतू गेलं तर मशीन लावलेल्या कानांनी सगळं नीट ऐकून हे माझ्यावर ओरडले. मी चक्रावले. ह्याचं खापर आता कोणाच्या कानावर फोडायचं?

आणि एक प्रश्न माझी पाठ सोडत नव्हता. शेवटी मी तो सायकॉलॉजिस्ट बाईंना यांच्यासमोरच विचारला. कंपनीत साहेबांचं बोलणंही यांना कळत नव्हतं, मग साहेबावर कधी तांब्या का नाही फेकला?

बाई यांच्याकडे वळून सावकाश म्हणाल्या, “ऐकू आलं नाही म्हणून गैरसमज झाला, हे कानांचं. हात कोणावर उचलायचा हे तुम्ही ठरवलंत. ते मशीनने जाणार नाही, त्यासाठी इथे यावं लागेल.” हे मान खाली घालून म्हणाले, “येतो.” अजून जातात.

प्रज्ञाला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, “मग मी काय करू? ऐकू येत नव्हतं म्हणून माझं कोपर दुखलं नाही का?” मी तिला ये म्हटलं नाही. ह्या बाबतीत तरी माझी जीभ आवरली, कारण ये म्हणायचा हक्क मला आहे असं वाटेना.

ती आपणहून आली, एका रविवारी, बॅग न घेता. जेवण झालं. हे खुर्चीत बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली, तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, “पप्पा, मला तुमची भीती वाटते.”

यांनी विचारलं, “कधीपासून?”

“कितीदा सांगितलंय तुम्हाला.”

खरंच सांगितलं होतं. मी तिथेच असायचे. तेच वाक्य ती दारातून, ताटावरून, रडत रडत बोलली होती आणि प्रत्येक वेळी यांना फक्त काहीतरी पुटपुटल्याचं कळलं होतं.

यांचा हात कानाकडे गेला. मला वाटलं, आता हे मशीन काढून टेबलावर ठेवणार. प्रज्ञा मागे सरकली. यांनी मशीन बोटाने आत नीट बसवलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “अजून सांग.”

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, तांब्याच्याही आधीचं. मी शिवणयंत्राला हात लावला नाही. संध्याकाळी ती सांगवीला गेली आणि मी तिला अडवलं नाही.

राग कशाने येतो हे मला कळलेलं नाही. कानांच्या मॅडम आणि मनाच्या बाई, दोघींची मी ऋणी आहे, त्यांनी माझ्या नवऱ्याला बघितलं, नुसता राग बघितला नाही. तुमच्या घरात असं असेल तर कानही तपासा, एवढं नक्की सांगेन. आणि रिपोर्ट येईपर्यंत मुलीला मार खात बसवू नका.

पुढच्या रविवारी प्रज्ञा पुन्हा आली. बॅग दारात ठेवून तिने आतल्या खोलीकडे हाक मारली, “पप्पा, आले मी.” माझ्याआधी हे उठले.