हळदीच्या कढईतला भात

लोक मला आचारी म्हणतात. त्याआधी मी हळद शिजवायचो. शिजवणं दोन्हीकडं आहे, पण शिजवलेली हळद जेवायला कुणी बसत नाही, एवढाच फरक.

आमच्या पुसेगावच्या बाजूला हळद निघाली की शेतातच मोठी चूल खोदायची, तिच्यावर माणूस मावेल एवढी लोखंडी कढई ठेवायची, हळद भरायची आणि वरून पाला, गोणपाट झाकायचं. वाफेचा वास बदलला की काढायची. कढई माझी स्वतःची होती. शाळा मी चौथीत सोडली, पण माझ्या कढईतली हळद हिंगोलीच्या बाजारात कच्ची निघाली असं कुणी सांगून दाखवावं.

मग बॉयलर आले. ट्रॅक्टरमागं जोडून शेतात आणतात, ड्रममध्ये वाफ सोडतात, दिवसभराचं काम दुपारी खतम. एक हंगाम असा गेला की मला कुणी बोलावलंच नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, कढई भंगारात देऊन टाका. घरी बसा, शेळ्या पाहा."

"शेळ्या तू पाहा," मी म्हणालो. "मी लग्नाकार्याचा सैपाक करीन."

घरात कुणी हसलं नाही. मी चेष्टा करत नाही हे त्यांना माहीत आहे. जाळ मला कळत होता, तिखटमीठ बायकोकडून शिकलो. तिनं शिकवताना जी तकलीफ दिली ती वेगळी. मग कुणाच्या बारशाला, कुणाच्या जावळाला वरण आणि भाजी करून दिली. लोक पोटभर जेवले.

गावात एक बावर्ची आहे, मुसलमानांच्या लग्नात देगी, म्हणजे भाताची मोठाली भांडी, लावणारा. त्याचा बाप, आजाही तेच करत. माझी कढई पाहून तो एकदा म्हणाला, "भाऊ, हिच्यात भात नका लावू. लोखंडानं हळद पिली हाय."

"तुमी तुमच्या देगी पाहा," मी म्हणालो.

पुढं गावातला एक मोठा शेतकरी वारला. त्याची हळद मीच शिजवायचो, त्याला दादा म्हणायचो. दहाव्याचा सैपाक त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला सांगितला. भावकी मोठी. सगळ्या सोयऱ्यांपुढं माझ्या हातचं पहिल्यांदाच वाढलं जाणार होतं. तिथं नाव झालं तर त्या भावकीची लग्नं माझी. बिघडलं तर शेळ्या वाट पाहतच होत्या.

त्या घरात दहाव्याच्या जेवणाला हळद चालत नाही. हळद लग्नाची, मंगल कामाची. आमटी, भाजी बिनहळदीची आणि भात पांढरा, ही त्यांची रीत. आमटी-भाजी मी त्यांच्याच पातेल्यांत केली. भात जास्त लागणार म्हणून माझी कढई नेली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, पाणी नितळ निघेस्तोवर घासली.

नदीवर गेलेली माणसं परत येत होती तेव्हा मी झाकण काढलं. भात पिवळा. वर फिका, खाली चांगलाच पिवळा.

दादाचा धाकटा भाऊ जवळ येऊन वाकला. "काहून हो आचारी, दहावं हाय का हळदीचा कार्यक्रम? नवरदेव कुठं बसवायचा सांगा."

मागं कुणीतरी तोंडाला उपरणं लावून हसलं. वहिनी ओसरीवरून उठून आल्या, भाताकडं पाहिलं. "भाऊजी, ह्यो भात वाढता यायचा न्हाई."

"व्हय. ऊन कलायच्या आत पांढरा भात देतो. लोकायला बसवून ठेवा."

बावर्चीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत मी बोलणं जुळवत गेलो, पण दारात गेल्यावर तोंडून एवढंच निघालं, "भाई, देग पायजे."

"भात पिवळा झाला?"

"देग पायजे म्हनलं."

"आवाज तर असा काढून राहिले जशी देग तुमचीच हाय," तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानं आणली त्या देगीच्या कड्याला पांढरी चिंधी होती. तिच्यात मटण कधी शिजत नाही. त्यांच्या लग्नात येणाऱ्या हिंदू पाहुण्यांचा सैपाक तिच्यात होतो, ही त्याच्या बापापासूनची रीत. तो देगीसोबत आलाही. "तिला जाळ कमी लागते. तुमची सवय भट्टीची."

देग अंगणात उतरली तशी धाकट्या भावानं मान फिरवली. "आता हे भांडं चालंल का दहाव्याला?"

"भाईच्या पोरीच्या लग्नात ह्याच देगीतला भात तुमी मागून मागून खाल्ला," वहिनी म्हणाल्या. "तवा इचारलं व्हतं का?"

तो माणसांत जाऊन बसला.

मी जाळ घातला. बावर्ची विटेवर बसला. अधूनमधून "कमी" म्हणायचा, मी लाकूड मागं ओढायचो. त्याच्याकडं बघितलं मात्र नाही. भात मोकळा झाला आणि पांढरा झाला. लोक उशिरा जेवले. दहाव्याला सैपाकाची तारीफ करत नाहीत, त्यामुळं काय वाटलं ते कळलं नाही.

पिवळा भात मी घरी नेला. बायकोनं कांदा-मिरची टाकून परतला आणि म्हणाली, "बरं झालं, हळद टाकायचं काम वाचलं." पुढं शेळ्यांनीही खाल्ला.

वर्ष सरल्यावर त्याच घरात लग्न निघालं. वहिनींचा निरोप आला, वरण आणि भाजी तुमच्या कढईत, भात भाईच्या देगीत. तेव्हापासून कढई आणि देग एकाच टेम्पोत जातात. औंढ्याच्या बाजूच्या तांड्यांवरूनही बोलावणं येतं. टेम्पोत पुढं कुणी बसायचं यावर आमचं अजून भांडण होतं.

भाताला मात्र मी त्याला हात लावू देत नाही. देग त्याची असली तरी जाळ माझा.