रेणुकाबाईचा हिरा

आदिलाबाद जिल्ह्यात गुडीहत्नूरहून आत गेलं की सावरखेडा लागतं. तिथल्या महिपत आणि उद्धव या दोघा भावांनी आपल्या सामाईक शेतात विहीर खणायला घेतली, तेव्हा खाली काळा कातळ लागेल असंच सगळे धरून चालले होते. लागला भलताच दगड. निळसर हिरवा, पहारीच्या एका घावात चुरा होणारा. बाहेर टाकलेल्या ढिगाची एकदोन पावसाळ्यांत पिवळी माती होऊन गेली. पाणी मात्र लागलं नाही. भावांनी विहीर अर्धवट सोडली आणि भोवती कापूस पेरला.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात भूगर्भवाल्यांची जीप त्या शेताशी येऊन थांबली. नाल्याच्या वाळूत त्यांना डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल खडे मिळाले होते, आणि त्या खड्यांचा माग काढत ते नाल्यानं वर वर आले होते. त्यांच्यातले व्यंकटेश साहेब हैदराबादचे, पण घरी मराठी बोलणारे. विहिरीतला दगड त्यांनी हातात घेतला, भिंगातून पाहिला आणि जागेवरच बसले.

शेतात तंबू लागले. दगड फोडायचा, पाण्यात कालवायचा, चाळायचा आणि खाली उरलेल्या जड वाळूतून लाल, हिरवे, काळे दाणे वेचून वेगळे ठेवायचे, असं काम. वेचायला गावातल्या बाया घेतल्या. त्यांत महिपतची बायको रेणुकाबाई होती. तिला ते काम मनापासून आवडलं. कापूस वेचताना डोकं रिकामं असायचं. इथं प्रत्येक दाण्याशी थांबावं लागे. जेवणाच्या सुट्टीत ती साहेबांना विचारत राहायची आणि साहेबही कंटाळत नसत.

“या दगडाला किंबरलाइट म्हणतात,” ते एकदा म्हणाले. “इथून कामारेड्डी जेवढं लांब, दीडशेएक किलोमीटर, तेवढं सरळ खाली जा. तिथं हिरा तयार होतो. कोळशात असतो तोच पदार्थ, पण वरून सगळ्या जमिनीचं ओझं आणि खालून भयंकर आच. त्या दाबात तो घट्ट होत होत हिरा होतो. आणि हा दगड त्याच्याही खालून, रस उकळत यावा तसा उसळून वर येतो. येता येता हिरे उचलून आणतो.”

“मंग आपल्या शेतात निंगतीन?”

“सांगता येत नाही. बहुतेक अशा दगडांत काहीच नसतं. वर येताना दगड वाटेत रेंगाळला, तर हिरा त्यातच विरघळून जातो. नाहीतर पेन्सिलीतल्या शिशासारखा काळा होतो. हिरा जगायचा तर त्याला घाईनं वर यावं लागतं.”

रेणुकाबाईला ते फार लागून राहिलं. एवढ्या खोलातून निघायचं आणि वाटेत मरायचं. संध्याकाळी स्वयंपाक करताना तिनं ते महिपतला सांगितलं. तो बिडी ओढत म्हणाला, “तुले भलतंच काई सांगतेत ते.”

एका दुपारी तिच्या ताटलीत एक दाणा चमकला. पांढरा, लखलखीत. तिनं हात वर केला. व्यंकटेश साहेब धावतच आले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसलेली माणसं उठून उभी राहिली. साहेबांनी भिंग लावलं, दाणा उन्हात फिरवला आणि हसले. “झिरकॉन आहे, रेणुकाबाई. चमकतो हिऱ्यासारखा, पण हिरा नव्हे.” दाणा त्यांनी एका पुडीत टाकला आणि ते परत गेले. बायांनी ऐकलं. धुऱ्यावरच्यांनी फक्त पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तळ उठला. दगड खराच किंबरलाइट होता, पण त्यात एकही हिरा निघाला नाही. साहेबांनी महिपतला आणि उद्धवला तसं स्पष्ट सांगितलं, खड्डे बुजवून घेतले आणि जीप गेली.

गावात मात्र दुसरंच सुरू झालं. एवढे लोक, एवढी यंत्रं, आणि काहीच नाही? मग त्या दिवशी साहेब धावत काऊन गेला? कोणी म्हणालं, रेणुकानं दोन उचलले आणि एकच दाखवला. कोणी म्हणालं, तिनं गिळला. ज्या बाया तिच्या शेजारी बसून वेचत होत्या, त्याही हळूहळू म्हणू लागल्या की आमचं तिकडं ध्यान नव्हतं.

उद्धव एके सकाळी अंगणात येऊन उभा राहिला. “वहिनी, शेत दोघायचं हाय. जे निंगालं ते बी दोघायचं.”

“भाऊजी, काईच नाई निंगालं.”

“तुमी देवाले घाबरा.”

तिनं घराचं दार सताड उघडलं. “पाहून घ्या.” उद्धवनं खरंच पाहिलं. कणग्या रिकाम्या केल्या, चूल फोडली, देव्हाऱ्यामागची भिंत टोकरली. तिची लुगडी अंगणात झटकली गेली तेव्हा महिपत ओट्यावर बसून होता. 

त्या दिवशी जेवताना त्यानं ताट बाजूला सारलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मले तरी सांग. मी कोनाले सांगणार नाई.”

रेणुकाबाईच्या हातातली भाकर तशीच राहिली. नवऱ्यालाही तसंच वाटतं हे तिच्या ध्यानी आलं ते तेव्हा. तिनं समजावायचा प्रयत्न केला. “अहो, हिरा खालीच असते. वर येता येता तो मेला. साहेबानं सांगतलं होतं न.”

“म्हंजे होता,” महिपत म्हणाला.

काही वर्षांनी व्यंकटेश साहेब उटनूरकडच्या कामावर आल्याचं तिला कळलं. ती एसटीनं जाऊन त्यांना भेटली, हात जोडले, एकदा गावात येऊन सांगा म्हणाली. ते बिचारे आले. मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या बाईजवळ काही नाही, या दगडात हिरा नव्हताच. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला. जीप वळताच फकिरा न्हावी म्हणाला, “एवढ्या लांबून फुकट येते का कोनी? वाटा घ्यायले आलता.”

यानंतर महिपतनं कुदळ घेतली. भावाला न सांगता तो जुनी विहीर एकट्यानं खणू लागला. कापूस वाळला तरी त्याचं लक्ष नव्हतं. रेणुकाबाई काठावर उभी राहून म्हणायची, “पाणी पिलेला दगड हाय तो, ढासळते. वर या.” तो खालून ओरडायचा, “तुले तं तुहा भेटला!”

एक्क्याण्णवच्या पावसाळ्यात कड ढासळली. माणसांनी त्याला जिवंत काढला, पण कंबर मोडली होती. त्यानंतर तो बाजेवरून उठला नाही. आदिलाबादच्या दवाखान्यात नेऊन आणला, काही उपयोग झाला नाही. रेणुकाबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली. फाटलेलं लुगडं नेसून ती परत यायची, त्याला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, आणि तो तिच्या हातांकडं पाहत विचारायचा, “आता तरी काढशील का?”

त्यांची एकुलती एक मुलगी इंदू. गावातून कोणी विचारेना, तेव्हा भैंशाहून स्थळ आलं. त्यांनी काहीच मागितलं नाही. चांगली माणसं भेटली म्हणून रेणुकाबाई कितीतरी दिवसांनी हसली. लग्नानंतर दिवाळीला इंदू आली, ती जायचं नावच काढेना. आठवडाभरानं चुलीपाशी बसून म्हणाली, “माय, असंल तं देऊन टाक. थे मले नांदवत नाईत. रोज तेच विचारतेत.”

“इंदे, तू लहान होती तरी माह्या मागं मागं असायची. तुले तं मालूम हाय न?”

इंदूनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “मले काय मालूम, माय.”

रेणुकाबाई उठून बाहेर गेली.  मग आत येऊन, बाजेवरच्या महिपतला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “होता. भेटला होता मले. भेव वाटलं म्हणून बासरले देवीच्या दर्शनाले गेली तवा गोदावरीत सोडला. आता नाई. सांग तुह्या सासरी, आता नाई म्हणून.”

तिला वाटलं होतं, नाही म्हटल्यावर मागणंही संपेल. इंदू सासरी गेली आणि त्यांनी तिला ठेवून घेतलंही, फक्त माहेरी पाठवणं बंद केलं. उद्धवनं भांडून आपल्या वाट्याचं शेत तोडून घेतलं. महिपतनं भिंतीकडं तोंड फिरवलं ते कायमचं. त्यानंतर तो जगला, पण पाणी मागण्यापलीकडं तिच्याशी बोलला नाही. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो गेला तेव्हा ती वावरातच होती.

तेराव्याला इंदू आली. अंगानं वाळली होती. पाहुणे उठून गेल्यावर ती आईच्या अगदी जवळ येऊन बसली. रेणुकाबाईला वाटलं, पोरगी आता गळ्यात पडून रडेल. तिनं हातही पुढं केला.

“माय,” इंदूनं कानाशी विचारलं, “गोदावरीत कोन्या घाटावर सोडला?”

रेणुकाबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. मग थोडा विचार करून तिनं एका घाटाचं नाव सांगितलं.