आईच्या आव्यातले दिवे

आमच्या घरी आवा लावायचा अधिकार आईचा. चाक बाबांचं होतं, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. पण घडवलेली माती कधी भाजायची, कशी भाजायची आणि मुळात भाजायची की नाही, हे आई ठरवते. नागपुरात माठांना तोटा नाही. तरी आईने भाजलेला माठ टिचकी मारली की कसा खणखणतो, ते आमच्या कुंभारवस्तीत कोणालाही विचारा. मी बढाई मारते आहे असं वाटत असेल तर वाटू द्या. मारतेच आहे.

गेल्या हिवाळ्यात रामदासपेठेतल्या एका नव्या दवाखान्याची सजावट करणारी बाई आमच्याकडे आली. कपड्यांना माती लागेल याची पर्वा न करता अंगणात मांडी घालून बसली, म्हणून मला आवडली. रुग्णांचे नातेवाईक ताटकळत बसतात त्या हॉलमध्ये तिला मातीचे दिवे टांगायचे होते. उपडं मडकं, अंगभर बारीक भोकं आणि आत बल्ब. पांढऱ्याफट ट्यूबलाइटखाली काळजीतली माणसं आणखी भेदरतात, असं तिचं म्हणणं होतं. तिचं चित्र पाहूनच माझे हात शिवशिवायला लागले.

आईने चहाचे कप उचलले आणि आत निघून गेली. बोलली ती बाई गेल्यावर.

"भोकाचं मडकं कुठं लागते, मालूम हाय ना तुले?"

न माहीत असायला काय झालं? चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरतात आणि प्रत्येक फेरीला मागून दगडाने त्याला भोक पाडतात. मला भाऊ नाही. बाबांच्या वेळी ते मडकं माझ्या खांद्यावर होतं, त्यांनी स्वतःच घडवलेलं. त्यातलं पाणी माझ्या पाठीवरून ओघळलं, ते अजून अंगावर आहे.

"अन् ते तू दवाखान्यात टांगशील? जिथं लोकं आपला माणूस वाचावा म्हणून हात जोडून बसतेत, त्यांच्या डोक्यावर? माझ्या आव्यात असलं मडकं जाणार नाही."

मीही तिचीच मुलगी. मुकाट्याने एक दिवा घडवला, माती अर्धवट वाळल्यावर त्यात भोकं कोरली आणि शेजारच्या काकूच्या आव्यात भाजायला दिला. घरात आवा असताना कच्ची माती दुसऱ्याच्या दारात नेणं, याहून मोठा अपमान आमच्यात नाही. हे कळत असूनही मी केलं, कारण मला तो दिवा पेटलेला बघायचा होता.

दिवा आला तो एका अंगाने काळवंडून. आईला तो ओट्यावर दिसलाच. तिने उचलला, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"कोणी भाजलं हे?"

मी सांगितलं. आता रणकंदन होणार म्हणून पदर खोचून उभी राहिले. ते झालंही, पण भलत्याच गोष्टीवरून.

"माझा आवा विझला काय वं? गोवऱ्या ओल्या होत्या तिच्या. असं धुरकटलेलं आपल्या घरचं म्हणून दाखवशील त्या बाईले?"

"तू घेत नाही, तर मी काय करू?"

आई दिवा मांडीवर घेऊन खाली बसली. भोकांवरून बोट फिरवत राहिली. राग कुठे संपला आणि बाबांची आठवण कुठे सुरू झाली, तिलाही कळलं नसावं. डोळे पुसायचं तिने नाव काढलं नाही.

"हे तू कच्च्यातच कोरलं?"

"हो. भाजल्यावर एकही भोक पाडायचं नाही."

"दगड नाही लावला कुठं?"

"नाही आई."

"मंग हे फोडलेलं नाही, घडवलेलं हाय." ती उठली. "घडव बाकीचे. पण आवा मी लावीन. तू मधात हात घालू नको."

मी घातला नाही. कडक वाळलेल्या गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या तिने स्वतः निवडल्या, स्वतः रचल्या. आवा उघडला तेव्हा सगळे दिवे पिकल्या संत्र्यासारखे निघाले, कुठे डाग नाही की तडा नाही. वस्तीतल्या बाया बघायला आल्या, काकूसुद्धा. आईने तिला मुद्दाम चहाला थांबवलं.

दिवे टांगून झाल्यावर सजावटवाल्या बाईचा फोन आला. बाबा गेल्यापासून आईने कोणत्याही दवाखान्याची पायरी चढली नव्हती, म्हणून मी तिला चल म्हटलं नाही. तीच ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

हॉल माणसांनी भरलेला होता. दिव्यांचा उजेड भिंतींवर ठिपक्याठिपक्यांनी सांडला होता, आणि कोणीतरी डबा मांडीवर धरून त्याखाली डुलक्या घेत होतं. आई मधोमध उभी राहून वर बघत होती. चौकीदार जवळ आला.

"आजी, तुमच्या पेशंटचं नाव सांगा."

"पेशंट नाही, बाबू. हे दिवे पाहाले आलो. माझ्या आव्यातले हायेत."

बाबांच्या वेळी अशाच एका हॉलमध्ये आई शेवटपर्यंत उभीच होती, खुर्च्या रिकाम्या असूनही. या वेळी तिने दिव्याखालची खुर्ची निवडली, पदर सावरला आणि बसली.