आमच्या घरचा स्वयंपाक बातमीत आला

आमच्या घरी बाजाराच्या दिवशी नवराच स्वयंपाक करतो. आंजीच्या बाजारात बायका भाजी घेऊन बसतात, म्हणून घरची चूल गडीमाणसं बघतात. आमच्या भाजीवाल्यांच्या गल्लीत सगळीकडे हेच. कोणाचं वरण पातळ होतं, कोणाच्या पोळ्यांचे नकाशे होतात, पण लेकरं उपाशी राहत नाहीत. याची कधी बातमी होईल असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

झाली मात्र. आणि ती झाली रपट्याच्या आंदोलनामुळं.

गावाच्या वाटेवर नाला आहे. त्यावरचा रपटा, म्हणजे पावसाचं पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल, खचला आणि वर्ध्याहून येणारी संध्याकाळची बस फाट्यावरूनच परतू लागली. ड्रायव्हरचं तरी काय चुकलं? गाडी फसली तर तो काय खांद्यावर आणणार? पण माझी मोठी पोरगी वर्ध्याला कॉलेजात. फाट्यापासून गावापर्यंत अंधारात चालत यायची, दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी उभी. एकदा कोणी मेला मोटारसायकल हळू करून तिच्या मागेमागे आला. ती घरी पळतच आली. आम्ही नवरा-बायकोनं त्याच दिवशी ठरवलं, दिवाळीपर्यंत रपटा झाला तर कॉलेज, नाहीतर तिचं नाव काढायचं. पोरगी रडली नाही, भांडली नाही. माझं काळीज तुटलं.

मग आम्ही बायका फाट्यावर बसलो. रिकाम्या हातानं बसणं आम्हाला जमत नाही, म्हणून सांबार सोबत नेला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. तोंडानं घोषणा द्यायच्या, हातानं जुड्या बांधायच्या, कारण दुसऱ्या दिवशीचा बाजार काही आंदोलनासाठी थांबत नाही.

काही दिवसांनी मोबाइलवर बातम्या देणारा एक पत्रकार आला. त्याचे व्हिडिओ गावोगावी बघतात. मला वाटलं, देव पावला! मी पदर खोचून रपट्याचं सांगायला लागले, तर तो म्हणतो, "ते ठीक आहे, ताई. पण तुम्ही इथं, मग घरी मुलांना कोण बघतं? स्वयंपाक कोण करतं?" बाजूला गावचे पुढारी कडक इस्त्रीत उभे होते. त्यांना नाही विचारलं, तुमच्या घरी पोळ्या कोण लाटतं म्हणून! माझं डोकं सणकलं.

"पोरीचा बाप जिता हाये ना," मी म्हटलं. "जाऊन पाहून घ्या!"

त्याला तेच पाहिजे होतं. कॅमेरा घेऊन गडी थेट आमच्या घरी.

संध्याकाळी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर माझा नवरा. धाकटीला मांडीवर घेऊन वरण घाटतोय आणि मागे बासरी वाजतेय. वर मोठ्या अक्षरात, 'आई रस्त्यावर, बाप झाला आई!' रपट्याचं नाव नाही, पोरीच्या कॉलेजचं नाव नाही. खाली लोकांनी नवऱ्याला देवमाणूस म्हटलं आणि मला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पानठेल्यावर तर यांना "काय वो, आई!" अशा हाका सुरू झाल्या. सकाळी मी फाट्यावर निघाले, तर हे ओसरीत बसलेले आणि चूल थंड.

"मी आता चुलीजवळ जात नाई," म्हणाले. "लोकं हासून राह्यले."

"काऊन? कालपावतर करत नव्हते का?"

"कालपावतर कोणाले मालूम नव्हतं."

"अवघ्या गल्लीले मालूम होतं!"

पण ते काही हलले नाहीत. गल्लीतल्या आणखी घरांतही तेच. उद्या आपल्याही चुलीपुढं कॅमेरा येईल, या धास्तीनं नवरे रुसून बसलेले आणि बायका घरी अडकलेल्या. फाट्यावर मोजक्याच उरल्या. त्या बासरीपायी माझ्या पोरीचं कॉलेज जाणार? मला असा संताप आला, की धाकटीला कडेवर घेऊन तडक पानठेल्यावर गेले. तिथं बाईमाणूस जात नाही. मी गेले.

"गेल्या बाजाराच्या दिवशी तुमच्या घरी कोणं रांधलं? सांगा ना आता!"

सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. शेवटी आमचे चुलतसासरे, चिडवण्यात सगळ्यांच्या पुढं असणारे, घसा खाकरून म्हणाले, "म्याच. वांगे-आलू केले. तिखट झाले लेकाचे."

"आमच्या इकडे खिचडी," दुसऱ्यानं हळूच म्हटलं.

मग जो हशा पिकला! मीही हसले, हसताहसता डोळे भरून आले. मागं नवरा कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. त्यांनी धाकटीला माझ्या कडेवरून घेतलं.

"जाय तू. सांबार सुकून राह्यला."

दुपारी फाटा पुन्हा भरला, आणि मग रोजच भरत राहिला. साहेब आले, पाइप आले, मुरूम पडला आणि दिवाळीच्या आत रपटा झाला.

पहिली बस गावात आली, त्या संध्याकाळी तोच पत्रकार हजर. पोरगी उतरते न उतरते, तोच माइक तिच्या तोंडापुढं. "बाबांनी घर सांभाळलं, केवढा त्याग! काय वाटतं?"

"बाबा तं मी लहान होती तवापासून रांधते," ती म्हणाली. "त्यात काय दाखवता? रपटा दाखवा ना. मी रोज त्याच्यावरूनच येईन."

त्यानं ते दाखवलं की कापलं, मी पाहिलंच नाही. पोरीनं बॅग माझ्याकडं दिली आणि चालताचालता म्हणाली, "मा, उद्या लवकर उठवजो. प्रॅक्टिकल हाये."

उद्या! मी तिथंच, बसच्या चाकाशी मटकन बसले आणि पोटभर रडले.