चिकपेटातली दुहेरी चादर

बेळगावात चादरी मिळत नाहीत की काय, असं मला तेव्हा ज्यानं त्यानं विचारलं. मिळत होत्या, चांगल्या मिळत होत्या. पण मला त्या बंगळूरात घ्यायच्या होत्या आणि माझ्यासाठी नव्हे. ही साठच्या दशकातली गोष्ट आहे. हल्ली बंगळूरला जाऊन आलेले लोक मेट्रोचं आणि बेळ्ळंदूरच्या वाहतुकीचं लिहितात. माझ्या बंगळूरात घोड्याचे जटके होते आणि सकाळी दात वाजतील एवढी थंडी होती. तरी चिकपेटात कापड घ्यायला जाणाऱ्यांना यातलं थोडंफार अजून उपयोगी पडेल.

आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथं लष्कराच्या हिशेब कचेरीत होते. आई तिथंच वारली. तेराव्याला आमच्यात शय्यादान करतात. गेलेल्या माणसाचा पलंग, गादी, उशी, पांघरूण सगळं दान द्यायचं, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याची आबाळ होत नाही. आप्पांच्या चुलतभावांनी सगळं यथासांग केलं. आई-आप्पांचा सागवानी पलंग गेला, गाद्या गेल्या, कपाटातल्या चादरीही गेल्या. गेलेलीची सोय झाली, पण राहिलेल्यानं कशावर निजायचं हे कुणाला सुचलं नाही. वर्षभरानं तिकडून आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं, की तुमचे वडील आता पेन्शनीत निघाले आहेत, आरामखुर्चीत बसून रात्र काढतात आणि त्यांचे पाय सुजले आहेत.

मी सासूबाईंना म्हटलं, "आप्पांचं अंथरूण-पांघरूण नीट लावून देऊन येते." त्या लगेच हो म्हणाल्या. खरं कारण मी सांगितलं नाही. मला आप्पांना बेळगावला घेऊन यायचं होतं, आणि तेही माझ्यासाठी. त्या वर्षभरात माझ्याशी आईविषयी कुणी बोललं नव्हतं. सासरी तिला कुणी धड पाहिलंही नव्हतं. लग्नात हिरवा शालू नेसलेली एक बाई, एवढीच त्यांना ओळख. मी एकुलती एक, म्हणजे भावंडांचाही प्रश्न नाही. आईला माझ्याइतकं ओळखणारं एकच माणूस उरलं होतं आणि ते दूर बंगळूरात खुर्चीत बसून होतं.

तेव्हा गाडी मीटरगेजची. दुपारी बेळगावला बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर, आणि मधल्या वेळात डोळ्यांत कोळशाचे कण. तिसऱ्या वर्गात खिडकी हवी असेल तर आधी हमालाशी गोड बोलावं लागे. हुबळीला पानावरची पुरी-भाजी चांगली मिळे, ती मी घेतली. समोर धारवाडकडची एक बाई होती. एकटी बाई प्रवास करतेय म्हटल्यावर तिनं माझी सगळी चौकशी केली.

"माहेरी चाललीस?"

"हो."

"मग काय, आई वाट बघत असंल."

मी पुन्हा हो म्हटलं. मग हातातली पुरी पानात गुंडाळून ठेवली.

बंगळूर स्टेशनावर जटकेवाल्यानं शिवाजीनगरचे बारा आणे सांगितले. बेळगावची माणसं मराठीत भांडतात आणि कानडीत घासाघीस करतात. मीही केली. आप्पांचं घर बसस्टँडामागच्या गल्लीत, रुक्माक्कांच्या मागल्या दोन खोल्यांत होतं. रुक्माक्का घरमालकीण. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, असं त्या सांगत. घरात मराठीच बोलत, पण त्या मराठीत कानडीची मुक्त पेरणी.

"आलीस व्हय? बेस केलीस," त्या म्हणाल्या. "अण्णा काय जेवतात म्हणतीस? स्वल्प खातात, सरी म्हणतात, उठतात. मी सांगून दमले." अण्णा म्हणजे आप्पा, आणि सरी म्हणजे कानडीत 'ठीक, पुरे'.

आप्पा दारात उभे होते. मला बघून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि "गाडी वेळेवर आली का?" एवढंच विचारलं. खोलीत शिरले तर भिंतीला टेकून ती आरामखुर्ची, तिच्यावर घडी घातलेली शाल आणि समोर पलंगाएवढी रिकामी जमीन. त्या जागेवर वर्षभरात त्यांनी साधं स्टूलसुद्धा ठेवलं नव्हतं. मी खोलीत फिरताना तेवढी जागा टाळून फिरायला लागले, ते माझं मलाच उशिरा कळलं.

पहिला दिवस गादीत गेला. गल्लीच्या तोंडाशी पिंजारी बसे. त्याला अंगणात बोलावून कापूस पिंजून घेतला आणि एका माणसाची गादी शिवून घेतली. शिवाजीनगरातूनच एक एकेरी खाटही आणली. आप्पा सगळ्याला बरं म्हणत होते. दुपारी रुक्माक्कांनी अवरेकाळूचं सार पाठवलं. अवरेकाळू म्हणजे थंडीत येणारे पावट्याचे दाणे. त्या दिवसांत गेलात तर चुकवू नका. मी जेवताना मुद्दाम म्हटलं, "आई यात खोबरं जास्त घालायची." आप्पा म्हणाले, "हं." ते भात कालवत राहिले. मग मी बेळगावला यायचा विषय काढला, तर म्हणाले, "लेकीच्या घरी राहायला कोण जातं का गं?" म्हटलं, "आता जातात की." त्यावर पुन्हा, "हं." रात्री नवी खाट सोडून ते खुर्चीतच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिकपेटात गेलो. बस मार्केटपर्यंत होती, पुढं पायी. तिथं पायीच बरं पडतं. गल्ल्या अरुंद, कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, आणि मधे उभी असलेली गाय तर कुणालाच दाद देत नाही. वाटेत एका हॉटेलात डोसा-काफी घेतली. आप्पांनी डोशाचा अर्धा भाग न बोलता माझ्या ताटात सरकवला. आईच्या ताटात सरकवायचे तसा. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. मी तो अर्धा डोसा खाल्ला.

ज्या दुकानात गेलो तिथले दुकानदार रुक्माक्कांच्या ओळखीचे, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. चप्पल बाहेर काढायची, पांढऱ्या बैठकीवर बसायचं, आणि मग ते एकेक चादर हवेत उलगडून समोर टाकत.

चादर निवडायला मला आईनं शिकवलं होतं. दुकानातल्या चकाकीवर जाऊ नये, ती खळीची असते आणि पहिल्या धुण्यात जाते. कोपरा मुठीत चुरगाळायचा आणि सोडायचा. कडक घड्या पडल्या तर अंगाला टोचणार. मग उजेडात धरून वीण बघायची. शेवटी गालाला लावून बघायची, कारण हात कामानं राठ झालेले असतात, त्यांना काही कळत नाही. कुणी हसलं तर हसू द्यावं. मी गालाला लावत होते, आणि दुकानदार हसले नाहीत.

"ही बघा अक्का, मिलची. हिला मधे जोड नाही," ते म्हणाले. "आणि ही हातमागाची. मऊ हीच. पण माग अरुंद, म्हणून दुहेरी पाहिजे तर दोन पट्टे मधे शिवून देतो. तुम्हाला कसली देऊ? एकेरी की दुहेरी?"

मी एकेरी म्हणायला तोंड उघडलं.

"दुहेरी," आप्पा म्हणाले.

मला वाटलं सवयीनं म्हणाले. हळूच म्हटलं, "आप्पा, खाट एकेरी आहे. नाकापेक्षा मोती जड होईल."

"दुहेरीच घे. जोडाची." त्यांनी निळ्या काठाच्या एका पांढऱ्या चादरीवर हात ठेवला. "ही."

आदल्या दिवसापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट होती. दुकानदारांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं, आणि काही न विचारता घडी घातली. मी मात्र मनातून रागावले. दोन हात रुंद खाटेला चार हात चादर कशाला, लोंबणारी टोकं रोज कोण आवरणार, असं पुटपुटत मी मार्केटपर्यंत आले. आप्पा पुडकं छातीशी धरून पुढं चालत होते.

घरी आल्यावर रुक्माक्कांनी दारातच बजावलं, "कोरी चादर अंथरायची नाही हं. कोरं पांढरं कापड वेगळ्या कामाला आणतात. आधी धू. आणि कोपऱ्याला हळदीचं बोट लाव."

तिसऱ्या दिवशी मी चादर धुतली. दुहेरी चादर भिजली की एकट्या बाईला पिळवत नाही. गच्चीवर आप्पांना हाक मारली. त्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि दोघांनी पीळ द्यायला सुरुवात केली. पण पीळ काही बसेना. चादर नुसती गोल फिरायची आणि पाणी माझ्या पायांवर.

"तू उजवीकडं पिळतीस," आप्पा म्हणाले.

"सगळे उजवीकडंच पिळतात."

"तुझी आई डावरी होती की. तिचा पीळ डावीकडं. मग मलाही डावीकडंच पिळायची सवय लागली. दर रविवारी दोघं मिळून पिळत होतो." त्यांनी हातातलं टोक सावरून धरलं. "ती फार जोरात पिळायची. माझ्या हातातनं टोक सुटायचं, मग हसायची."

मी डावीकडं पिळायला लागले. पीळ बसला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते बोलणं असं भर उन्हात, ओल्या चादरीच्या दोन टोकांना सुरू झालं होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम हळू पिळत राहिले. चादर किती वेळ पिळणार? पाणी संपलं तसं आप्पांचं बोलणंही संपलं. त्यांनी चादर दोरीवर टाकली, जोड मधोमध आणला आणि खाली गेले.

संध्याकाळी त्यांनी खाट अंगणात काढली. रुक्माक्कांकडून एक जुनी उशी आणि गादी मागून आणली आणि नव्या गादीशेजारी, त्या रिकाम्या जमिनीवर लावली. वरून चादर टाकली. गुडघे टेकून, सुजलेल्या पायांनी इकडून तिकडं सरकत त्यांनी जोडाची शिवण बरोबर दोन गाद्यांच्या मधे आणली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "असू दे, मला जमतंय." मी दुसऱ्या खोलीत निजायला गेले.

सकाळी उठले तर आप्पा अंघोळीला गेले होते. आरामखुर्ची रिकामी, शाल पायथ्याशी. चादरीची डावी बाजू चुरगळलेली होती, माणूस गाढ झोपल्यावर चुरगळते तशी. शिवणीपलीकडची बाजू, उशीसकट, कुणी हात न लावल्यासारखी सपाट होती. झोपेतही त्यांनी शिवण ओलांडली नव्हती. मी तिथं उभी राहिले. मग त्या सपाट बाजूवर बसावंसं वाटलं, पण बसले नाही.

आप्पा पंचानं डोकं पुसत आले. चेहरा कितीतरी दिवसांनी माणसात आल्यासारखा दिसत होता.

"झोप लागली गं काल," ते म्हणाले.

त्या दुपारच्या गाडीची दोन तिकिटं काढायची म्हणून मी पैसे वेगळे बांधून ठेवले होते. काय काय बोलायचं, कसं पटवायचं, तेही रात्री ठरवलं होतं. त्यातलं काहीही बोलले नाही. ज्या माणसाला वर्षभरानं झोप लागली त्याला तिथून उठवून काय न्यायचं? मी म्हटलं, "बरं झालं आप्पा. अशीच दर रविवारी धुवायला रुक्माक्कांच्या सुनेला सांगते."

ते स्टेशनवर पोचवायला आले. गाडी सुटताना म्हणाले, "पोचल्याचं कळव." मी मान हलवली. तुमकूर येईपर्यंत मी रडले. डब्यात कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं.

बेळगावला घरी पोचले तेव्हा सगळे चहाला बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "मिळाली का मनासारखी चादर?"

"मिळाली."

"आता झोपतात का आप्पा?" हे माझ्या यजमानांनी.

"झोपतात."

"मग झालं तर. काम फत्ते." त्यांनी माझ्यापुढं चहाचा कप सरकवला.

त्यांचं काही चुकलं नाही. चादर घ्यायला गेले होते, चादर घेऊन झाली होती, आप्पांच्या पायांची सूजही पुढं उतरली. ते बरीच वर्षं तिथंच राहिले आणि दरवर्षी जाऊनही मी त्यांना पुन्हा कधी चला म्हटलं नाही. त्यांच्या अंथरुणात आईची जागा होती, माझ्या घरात ती मला कुठं करता येईना. मी बंगळूरला आईबद्दल बोलायला गेले होते, हे त्या दिवशी चहा पिताना मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं यजमानांनाही नाही, मुलांनाही नाही. आज पहिल्यांदा इथं लिहितेय, ज्यांना मी ओळखत नाही अशा तुम्हा लोकांसाठी. माझी आई डावरी होती. पिळताना फार जोर लावायची, आणि समोरच्याच्या हातातनं टोक सुटलं की हसायची.